नऊ अक्षरांची पिढी

परवा भाचीचा फोन आला. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, प्रॅक्टिकलला एक शेल स्क्रिप्ट लिहायचाय. चालू डिरेक्टरीतल्या सगळ्या फायली आणि त्यांच्या पर्मिशन्स दाखवायच्या. तुला येत असेल ना?" मी खुर्चीत सावरून बसलो, चष्मा पुसला, "आमच्या वेळी" एवढं म्हणून श्वास घेतला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "झाला मामा! एआयला विचारलं, त्यानं दिला. राहू दे, तू जेव." फोन बंद. 'आमच्या वेळी'च्या पुढचं वाक्य घशात अडकलं की माणसाला जेवण जात नाही. म्हणून ते इथे लिहून टाकतो आहे.

तर, आमच्या वेळी म्हणजे १९९७ साली, जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी चपला काढाव्या लागत. देवळाबाहेर काढतात तशाच, आणि परत येईपर्यंत राहतील का ही धाकधूकही तीच. आत एसी होता, पण तो आमच्यासाठी नव्हता. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतल्या सर्व्हरसाठी होता. त्याची थंडी आम्हाला प्रसादासारखी मिळे. दारात लॅबचे काका रजिस्टर घेऊन बसलेले. नाव, रोल नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. आत बारा टर्मिनलं आणि आम्ही चोवीस जण. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, स्वतःचं डोकं नसलेला. म्हणून त्याला 'डंब' म्हणत, आणि त्याच्यासमोर बसणाऱ्यांनाही सर अधूनमधून तेच म्हणत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं चुका काढायच्या, आणि चूक सापडली नाही तर दोघांनी मिळून सर्व्हरला दोष द्यायचा.

आता भाचीला चपला काढाव्या लागत नाहीत, कारण ती पलंगावरच असते. तिच्या मांडीवर विंडोज आहे आणि विंडोजच्या पोटात लिनक्स. आमच्या अख्ख्या लॅबला जेवढी मेमरी नव्हती तेवढी तिच्या हातातल्या फोनला आहे. रजिस्टर नाही, सही नाही, पाळी नाही. रात्री दोन वाजता सुचलं तरी दोन वाजता करता येतं. आम्हाला बुधवारी दुपारी दोन ते चार या वेळेतच सुचणं भाग होतं, आणि त्यात वीज गेली तर पुढच्या बुधवारपर्यंत सुचलेलं विसरणंही भाग होतं. कुणी मला आज विचारलं, 'परत जाशील का त्या लॅबमध्ये?' तर मी आधी जनरेटर आहे का ते विचारीन.

पण त्या लॅबमध्ये एक गोष्ट होती. तिथे आम्ही नऊ अक्षरं वाचायला शिकलो.

कमांड दोन अक्षरांची, एलएस. तिला 'मायनस एल' जोडलं की लांब यादी यायची. आमच्याकडच्या स्को युनिक्सवर तर नुसतं 'एल' म्हटलं तरी काम भागायचं. प्रत्येक फायलीची एक ओळ. अगदी पहिलं अक्षर 'डी' असेल तर डिरेक्टरी, डॅश असेल तर साधी फाइल. त्यापुढे नऊ जागा, तीन-तीनचे तीन गट. पहिला गट मालकाचा, दुसरा त्याच्या ग्रुपचा, तिसरा उरलेल्या साऱ्या जगाचा. प्रत्येक गटात तीन प्रश्न: वाचता येईल का, लिहिता येईल का, चालवता येईल का. येत असेल तर अक्षर, नसेल तर डॅश. सर ते मोठ्यानं म्हणायला लावत: "आर डब्ल्यू एक्स, आर डॅश एक्स, आर डॅश एक्स!" शेजारच्या ड्रॉइंग हॉलमधल्या मुलांना वाटे, इथे तबल्याचा वर्ग सुरू झाला. मग आकडे: वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक. बेरीज केली की सात-पाच-पाच. ज्या मुलांना पावकी-निमकी कधी पाठ झाली नाही, त्यांना सहा-चार-चार झोपेतही येत असे.

आम्हाला ते पटकन समजलं, कारण आमच्यातले बरेच जण वाड्यात किंवा चाळीत वाढलेले. घरधनी, भाऊबंद आणि गाव हे तीन गट आम्हाला घरीच शिकवलेले होते. डिरेक्टरीच्या बाबतीत 'आर' म्हणजे आत कोण कोण आहे त्याची नावं वाचायची मुभा, आणि 'एक्स' म्हणजे उंबरा ओलांडायची मुभा. नुसता 'आर' असेल तर खिडकीतून माणसं मोजा, आत पाऊल टाकू नका. नुसता 'एक्स' असेल तर ज्याच्याकडे आलात त्याचं नाव ठाऊक असेल तरच सरळ त्याच्या खोलीत जा, इकडेतिकडे पाहू नका. माजघरापर्यंत कोण आणि ओसरीवरून परत कोण, हे कळणाऱ्या पोरांना युनिक्स परकं वाटण्याचं कारण नव्हतं. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ही व्यवस्था उभी करायला घेतली तेव्हा त्यांच्यापुढेही अडचण वाड्याचीच होती. मशीन एक, बिऱ्हाडं अनेक.

आता बिऱ्हाड एक आणि मशीनं अनेक. नव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये मालकही तीच, ग्रुपही तीच आणि जगही तीच. नऊ अक्षरं कुणासाठी वाचायची? परवानगीचा प्रश्न मात्र संपलेला नाही, फक्त तो विचारणारं तोंड बदललं. आता फोन विचारतो: अमुक ॲपला तुमचे फोटो पाहू द्यायचे का? अँड्रॉइडनं २०१५ पासून हे एकेक करून, वापराच्या वेळी विचारायला सुरुवात केली. त्याआधी ॲप घेतानाच सगळी यादी एकदम पुढे यायची आणि आपण तिच्या तळाशी जाऊन 'हो' म्हणायचो. म्हणजे हेही सुधारलंच आहे. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत, असा प्रश्न विचारायची सोय आज आहे. विचारतो कोण, हा प्रश्न वेगळा. परवा लग्नाच्या पंगतीत मी एका मिनिटात चार परवानग्या दिल्या, आणि पाचवी वाढप्याला, जिलबीची.

आमचा पहिला स्क्रिप्ट. त्याची प्रसूती मी विसरलेलो नाही. कल्पना सोपी: डिरेक्टरीतली एकेक फाइल घ्यायची, तिला विचारायचं की मला वाचता येतेस का, लिहिता येतेस का, चालतेस का, आणि उत्तर छापायचं. "फॉर एफ इन स्टार, डू." इथपर्यंत सगळे पोचत. मग 'इफ' आणि चौकोनी कंस. त्या कंसानं आमच्या पिढीचे जितके तास खाल्ले तितके कँटीननंही खाल्ले नसतील. तो कंस म्हणजे विरामचिन्ह नाही, स्वतंत्र कमांड आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच्या मागेपुढे जागा सोडली नाही की शेल म्हणे, अशी कमांडच सापडत नाही. आम्ही डोळे फाडून शोधायचो आणि तिथे चूक म्हणून काहीच नसायचं, कारण चूक होती ती 'काही नसण्याची'च. सर पाठीमागून येत, बोट पडद्यावर टेकवत आणि फक्त म्हणत, "स्पेस." त्या एका शब्दासाठी चाळीस मिनिटं गेलेली असायची.

'इफ' बंद करायला तो उलटा लिहायचा, 'फी'. 'केस' बंद करायला 'इसॅक'. हा शेल लिहिणारे स्टीफन बोर्न त्याआधी अल्गॉल ६८ या भाषेवर काम करत होते, तिथली ही सवय. मग 'डू' बंद करायला 'ओडी' का नाही, 'डन' का? कारण 'ओडी' नावाची कमांड आधीच होती, फाइल अष्टमान आकड्यांत दाखवणारी. नाव घेतलेलं, म्हणून दुसरं ठेवलं. घरात आधीच एक बंडू असला की धाकट्याला नंदू म्हणतात तसं. असले दाखले सर सांगत आणि आम्ही परीक्षेला येणार नाही म्हणून वहीत उतरवत नसू. आज तेवढेच आठवतात.

स्क्रिप्ट लिहून झाला, 'व्हीआय'मधून कसाबसा बाहेर पडलो, नाव टाइप करून एंटर दाबला. उत्तर: चालवायची परवानगी नाही. पर्मिशन दाखवणाऱ्या स्क्रिप्टलाच पर्मिशन नव्हती! नवी फाइल जन्मते ती साधारण सहा-चार-चार अशी. तिच्यात 'एक्स' नसतोच. तो नंतर 'सीएच-मॉड'नं आपल्या हातानं द्यायचा. दिवा लावायला काडी शोधायची, आणि काडी शोधायला दिवा. तो 'एक्स' दिला, पुन्हा एंटर दाबला, आणि हिरव्या अक्षरांत आमच्याच सात-आठ फायली ओळीनं उभ्या राहिल्या. शेजारच्या टर्मिनलवरचे दोघे उठून बघायला आले. काहीही नवं कळलेलं नव्हतं. हे सगळं 'एल' या एका अक्षरात आधीच कळत होतं. तरी आम्ही ती यादी पुन्हा पुन्हा चालवून पाहिली.

भाचीनं तिचा स्क्रिप्ट मला नंतर व्हॉट्सॲपवर पाठवला. मी वैरभावानं वाचला. पाच ओळी. आमच्याहून चांगला, हे मान्य करायला मला दोन कप चहा लागला. आमच्या स्क्रिप्टला फायलीच्या नावात मोकळी जागा चालत नसे. 'माझा निबंध' अशी फाइल असली तर तो 'माझा' वेगळा शोधायचा आणि 'निबंध' वेगळा. तिच्या स्क्रिप्टमध्ये नावाभोवती अवतरणचिन्हं नीट होती. टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली आमच्या 'स्टार'ला दिसतच नसत. तिच्यात त्यांचीही सोय होती. आम्ही दोन बुधवार घालवून जे चुकीचं केलं, ते तिनं अर्ध्या मिनिटात बरोबर केलं. फक्त मी विचारलं, "यातलं 'स्टॅट' काय करतं?" तर म्हणाली, "थांब, विचारते." आम्हाला विचारायला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं शेल प्रोग्रॅमिंगचं पुस्तक होतं, चौघांत एक. त्याची पानं कोणत्या प्रकरणाशी आपोआप उघडतात त्यावरून वर्ग कुठे अडला आहे ते कळे.

त्या एकाच मशीनवर सगळे नांदत असल्यानं आमची एक वसाहतही होती. 'हू' म्हटलं की कोण कोण बसलं आहे ते दिसे. 'राइट' म्हटलं की दुसऱ्याच्या पडद्यावर थेट निरोप उमटे, मग तो काहीही करत असो. आणि तो नको असेल तर 'मेस्ग एन'. ही कमांड काय करते, तर तुमच्या टर्मिनलवरची इतरांची लिहायची परवानगी काढून घेते. युनिक्समध्ये टर्मिनलही फायलीसारखंच, त्यालाही तीच नऊ अक्षरं. आपल्याशी कुणी बोलावं की नाही ही सुद्धा एक 'डब्ल्यू'च, हे कळलं तेव्हा मला तत्त्वज्ञान कळल्यासारखं झालं होतं. आमच्या वर्गातल्या मुलींना ते फार लवकर कळलं. ही कमांड त्यांनी पहिल्याच आठवड्यात आत्मसात केली. आम्हाला तेव्हा त्यात गंमत वाटायची. बारा टर्मिनलांच्या खोलीत पडदा बंद करून बसावं लागणाऱ्या मुलीला काय वाटत असेल, हे विचारायची कमांड मात्र आम्ही शिकलो नाही. आज ब्लॉक आणि म्यूटची बटणं आहेत, आणि ती दाबण्यासाठी कुणाला युनिक्स शिकावं लागत नाही. हा बदल वाईट म्हणणाऱ्यानं आधी त्या मुलींना विचारावं.

आणि आम्ही परवानग्यांचे मोठे जाणकार होतो असंही नाही. पूर्ण झालेली असाइनमेंट कुणी बिघडवू नये म्हणून मी ती एकदा चार-चार-चार करून ठेवली. सर्वांना वाचायची मुभा, लिहायची कुणालाही नाही, मलाही नाही. तिजोरीला कुलूप लावल्याच्या समाधानात घरी गेलो. पुढच्या बुधवारी फाइल गायब. फाइल पुसण्याचा अधिकार फायलीवर नसतो, ती ज्या डिरेक्टरीत आहे त्या डिरेक्टरीवर असतो, हे मला त्या दिवशी कळलं. डिरेक्टरी मीच सात-सात-सात करून ठेवली होती. तिजोरीला कुलूप, आणि खोलीला भिंतच नाही.

तीन साती हा आमच्या पिढीचा रोगच. काही चालेना झालं की कुणीतरी मागून म्हणे, "अरे, सात-सात-सात दे!" आणि चाले. का चाललं, हे बघायला कुणाला वेळ? हीच मुलं पुढे नोकरीला लागली, पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत. सर्व्हर त्यांच्या हाती आले. शुक्रवारी संध्याकाळी काही अडलं की त्यांनी, म्हणजे आम्ही, तेच केलं. मालकाला सगळं, ग्रुपला सगळं, जगाला सगळं. आणि सोमवारी नीट करू म्हणून घरी गेलो. तो सोमवार अजून यायचाय. आजची मुलं न वाचता 'अलाऊ' दाबतात म्हणून आम्ही मान हलवतो. पण ते बटण म्हणजे आमचं सात-सात-सातच. फक्त त्याला गोल कोपरे आणि निळा रंग आला.

मजा अशी की ती नऊ अक्षरं मेलेली नाहीत. अँड्रॉइडच्या खाली लिनक्स आहे, आणि तिथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानून वेगळा क्रमांक दिला जातो. म्हणजे तुमच्या खिशात आज बारा टर्मिनलांच्या लॅबपेक्षा मोठी वसाहत नांदते आहे, आणि एकाच्या खोलीत दुसऱ्यानं डोकावू नये म्हणून तोच जुना मालक-ग्रुप-जगाचा हिशोब आत चालू आहे. फक्त यादी कुणी काढत नाही. पूर्वी आम्ही बिऱ्हाडकरू होतो, वाड्याचे नियम पाठ होते. आता आम्ही वाड्याचे मालक आहोत, आणि आत किती बिऱ्हाडं आहेत ते माहीत नाही.

गणपतीत भाची घरी आली. मी माळ्यावरून माझं जर्नल काढून ठेवलंच होतं. रेघांच्या पानावर निळ्या शाईत प्रोग्रॅम, समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आउटपुट, खाली सरांची लाल सही आणि तारीख. प्रिंटर होता, पण त्याची रिबन वर्षातून एकदा बदलायची आणि ती वेळ आमच्या वर्षाला आली नाही. म्हणून पडद्यावर दिसेल ते हातानं उतरवून काढायचं. तिथेच ती शेल स्क्रिप्टची असाइनमेंट, आठ फायलींची यादी, प्रत्येकीपुढे नऊ अक्षरं, रेघन् रेघ मोजून काढलेली. मी म्हटलं, "बघ, आम्ही एकेक डॅश हातानं लिहिलाय. म्हणून लक्षात राहिलं." तिनं वही हातात घेतली. मोदक खात खात यादीवरून बोट फिरवलं. बोट तिसऱ्या रकान्याशी थांबलं.

"मामा, तुझा रोल नंबर सतरा ना? वर लिहिलाय."

"हो. का गं?"

"मग या सगळ्या फायलींचा ओनर टीई ४१ कोण?"

माझ्या आधी ज्याची असाइनमेंट झाली होती, तो. सबमिशनच्या आदल्या रात्री मी त्याच्या जर्नलवरून आउटपुट उतरवून घेतलं होतं, परवानग्या अगदी अचूक, मालकासकट. सरांनी त्यावर सही केली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते चाळून शेरा मारला होता. त्यानंतर ते पान मी स्वतः कितीतरी वेळा कौतुकानं उघडलं. अठ्ठावीस वर्षांत ते वाचलेली ती पहिली.